आधी पाय, मग दम

पोनीचा दम दीड-दोन महिन्यांत वाढतो. पाय तयार व्हायला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. दम वाढलेली पोनी जोरात पळायला मागते आणि पाय अजून कच्चे असतात. क्रॉस-कंट्रीच्या तयारीतला खरा धोका इथेच आहे.

आम्ही यॉर्कशायरमध्ये राहतो. लेकीच्या घोडेस्वारीच्या वेडापायी आमच्याकडे कनेमारा जातीची करडी घोडी आली, मौली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकाळ, दलदलीच्या मुलखात घडलेली ही जात काटक आणि पायांची पक्की. थोड्याशा चाऱ्यावर भागवायची तिला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्यामुळे इंग्लंडचं हिरवंगार कुरण तिच्या अंगाला लगेच लागतं. हिवाळाभर काम नसल्यामुळे फेब्रुवारीत मौलीचं पोट सुटलं होतं आणि तंग शेवटच्या भोकापर्यंत जात होता. मे महिन्याच्या अखेरीस तिला क्रॉस-कंट्रीच्या ८० सेंटीमीटर उंच अडथळ्यांच्या वर्गात उतरवायचं होतं. या वर्गात ब्रिटनमध्ये मिनिटाला ४३५ मीटरचा वेग धरावा लागतो, तोही चढउतारांवर, ओंडके, चर आणि पाणी ओलांडत. धावणं जेमतेम पाच मिनिटांचं, पण प्रत्येक उडीनंतर सगळं वजन पुढच्या पायांवर येतं.

सुरुवातीचे कित्येक आठवडे आम्ही तिला नुसतं चालवलं. दगडी बांधांमधल्या डांबरी रस्त्यांवर आधी अर्धा तास, मग वाढवत दीड तासापर्यंत. रमतगमत चालणं यात धरायचं नाही. पाऊस पडून गेला की कडेच्या चिखलात ठसे बघायचे: मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशाला ओलांडून पडला, तर चाल खरी.

"आई, अजून किती दिवस नुसतं चालायचं? तिलाच पळायचंय!" लेक रोज कुरकुरायची. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, मौली कान टवकारून लगाम ओढायची. मी लेकीला खाली उतरवून मौलीच्या गुडघ्याखाली हात लावायला सांगितलं. तिथे स्नायू नसतोच. हाड, कातडी आणि मागच्या बाजूने दोरीसारखे ताठ गेलेले स्नायुबंध. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून ते सावकाश बळकट होतात, आणि एकदा फाटले की भरून यायला कित्येक महिने जातात. भरले तरी पहिल्यासारखे होत नाहीत. त्या दिवसापासून रोज सकाळी खरारा करण्याआधी चारही पाय चाचपायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. डोळे मिटून वरून खाली हात फिरवायचा. एका पायाला दुसऱ्यापेक्षा जरा जास्त ऊब लागली किंवा बोटाला किंचित फुगीरपणा जाणवला, तर त्या दिवशी खोगीर चढवायचं नाही.

पुढे दुडकी आली, ती चढावर. चढावर वेग न वाढवताही हृदयाला आणि पुठ्ठ्यांना भरपूर काम मिळतं. डांबरावर मात्र दुडकी मोजकीच. थोडा धक्का हाडाला पोसतो, फार झाला तर सांधे झिजवतो.

एप्रिलमध्ये खरी लढाई गवताशी होती. कोवळ्या गवतात साखर भरलेली असते, आणि अशा गवतावर सोडलेल्या जाड पोनीच्या खुरांच्या आत दाह होतो. इथे त्याला लॅमिनायटिस म्हणतात. त्यात पोनी कायमची अधू होऊ शकते, प्रसंगी जिवानिशीही जाते. आम्ही कुरणात विजेची तार लावून रोज एकेक पट्टा मोकळा केला आणि तोंडाला चरण्याची जाळी बांधली. मौली केविलवाणी बघायची, पण मी बधले नाही. मे उजाडेपर्यंत बरगड्या हाताला लागू लागल्या. पाठीचा आकार इतका बदलला की खोगीर नव्याने बसवून घ्यावं लागलं.

दौडीचा सराव शेवटी आला. तीन मिनिटं कॅन्टर म्हणजे मध्यम दौड, तीन मिनिटं चाल, असं तीनदा. अमेरिकन संघाचे एकेकाळचे फ्रेंच प्रशिक्षक जॅक ल गॉफ यांनी इव्हेंटिंगमध्ये, म्हणजे क्रॉस-कंट्री ज्याचा भाग आहे त्या स्पर्धाप्रकारात, रुजवलेली हीच टप्प्याटप्प्याची रीत आम्हाला पोनीसाठीही लागू पडली. कॅन्टरमध्ये घोडा प्रत्येक झेपेला एकच श्वास घेतो, तोही फक्त नाकाने. मी कुंपणापाशी उभी राहून टापांबरोबर येणारा तो फुर्र फुर्र आवाज ऐकायचे. दौड संपली की जबड्याच्या कडेवरून जाणारी धमनी बोटाखाली धरून नाडी मोजायची. विसाव्यात तिची नाडी चाळिसाच्या आसपास असते. दौडीनंतर दहा मिनिटांत ती ६४ च्या खाली आली, तरच पुढच्या वेळी काम वाढवायचं, असं आम्ही ठरवलं होतं.

कुणी पोनीला कमी लेखलं की मला थिओडोर ओ'कॉनर आठवतो. आकाराने पोनीच, तरी २००७ मध्ये केंटकीच्या सर्वोच्च दर्जाच्या स्पर्धेत तो स्वार कॅरन ओ'कॉनरसह तिसरा आला. लेकीच्या खोलीत त्याचा फोटो आहे.

स्पर्धेच्या आधी बरेच दिवस पाऊस नव्हता. मौली पहिल्या ओंडक्यापासून कान पुढे करून पळाली, पाण्यातही बिचकली नाही. शेवटच्या उताराच्या माथ्यावर लेकीने तिला अचानक दुडकीवर आणलं. खाली पोचून पुन्हा दौड धरली, शेवटच्या दोन्ही उड्या स्वच्छ मारल्या, पण वेळ उलटून गेली होती. त्या सेकंदांच्या दंडाने तिची रिबन हुकली.

मी धावत गेले तेव्हा ती उतरून तंग सैल करत होती. "उतारावरची जमीन दगडासारखी झाली होती, आई. दम होता तिच्यात, पळालीही असती." एवढं बोलून ती खाली वाकली आणि मौलीच्या पायांवरून हात फिरवू लागली. मी नाडी मोजायला घेतली.