आग्रा रस्त्यावरील धुके

मुंबईहून निघणारा जुना आग्रा रस्ता नाशिक आणि धुळे मागे टाकून सातपुडा चढतो, नर्मदा ओलांडतो, विंध्याच्या माथ्यावरून इंदुरास पोहोचतो आणि तेथून देवास, शाजापूर, गुना, शिवपुरी अशी गावे घेत ग्वाल्हेरीस जातो. होळकर आणि शिंदे यांच्या मागोमाग कितीतरी मराठी कुटुंबे उत्तरेस येऊन या रस्त्याच्या आसपास कायमची स्थायिक झाली. आज याच वाटेने नाशिककडील कांदा व द्राक्षे आणि जळगावची केळी मालमोटारींतून उत्तरेच्या बाजारांत जातात. आमच्या वाचकांपैकी कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ वा जावई अशा मोटारीवर असेल. त्यांच्यासाठी आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहोत.

आम्ही या रस्त्याने गेलो ते पौष महिन्यात. माळव्यात रात्र थंड पण स्वच्छ होती. तारे जणू हाताशी आले होते. शिवपुरी सोडल्यावर मात्र रस्त्याच्या कडेची झाडे एकेक करून दिसेनाशी झाली. ग्वाल्हेरीच्या पुढे, मुरैना आणि धोलपूर यांच्यामध्ये चंबळेचा पूल लागतो. पुलाच्या दोन्ही अंगांस मातीच्या घळींचे प्रसिद्ध बेहड पसरलेले आहे. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा नदी नव्हती, बेहड नव्हते. पुलाचा कठडा तेवढा हातभर दिसत होता.

हे धुके कोठून येते? आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, गहू व मोहरीच्या शेतांना नुकतेच पाणी दिलेले असते. रात्रभर जमीन आपली उष्णता वर सोडून देते. तिच्या लगतची ओलसर हवा निवते आणि तिच्यातील वाफेचे बारीक जलकण होतात. पहाटेस हे धुके सर्वांत दाट असते आणि ऊन तापल्यावर विरते. नदी, ओहोळ व सखल शेते यांच्यापाशी ते एकाएकी समोर येते. दोनशे मीटरांच्या आतच दिसत असेल, तर हवामान खाते त्यास दाट धुके म्हणते; पन्नासाच्याही आत असेल, तर अतिदाट.

येथे थोडा हिशेब करावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. समोर काही उभे आहे हे ध्यानी येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर संपले. भरलेली मोटार थांबण्यास त्यापुढे आणखी ३० ते ४० मीटर तरी हवेत, आणि दिसते आहे अवघे ५० मीटर. तीच मोटार ताशी ३० किलोमीटरने चालली, तर २५ मीटरांच्या आसपास उभी राहते.

ग्वाल्हेरीच्या अलीकडे एका ढाब्यावर इंदूरकडील एक वृद्ध चालक भेटले. त्यांची मोटार रात्री दोनपासून अंगणात उभी होती. ते म्हणाले, "मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते, साहेब. दिवे खाली पाडावे, पिवळे दिवे असतील तर ते लावावे. पुढल्या गाडीचा तांबडा दिवा धरून जाऊ नये. ती थांबली तर आपण तिच्यात, आणि ती खड्ड्यात गेली तर आपणही खड्ड्यात." थांबायचे ते ढाब्याच्या वा पेट्रोलपंपाच्या आवारात, रस्त्याच्या कडेस कधीही नाही, हेही त्यांनी बजावले. गाडी रस्त्यातच बंद पडली, तर इशाऱ्याचे दिवे चालू ठेवावे, चमकता त्रिकोण बराच मागे मांडावा आणि माणसांनी उतरून रस्त्यापासून दूर उभे राहावे. मागच्या बाजूची चमकणारी पट्टी चिखलाने झाकली असेल, तर ती पुसावयास एक फडके पुरते.

दुसरे संकट केबिनच्या आतले आहे. थंडी असह्य झाली की काही जण कोळशाची शेगडी आत घेऊन काचा लावून निजतात. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. निजलेला माणूस त्यामुळे जागा न होताच मरतो. शेगडी बाहेरच शेकावी आणि आत घोंगडी घ्यावी.

चालकांना हे ठाऊक नाही असे नाही. तरीही ते निघतात, कारण माल नासका असतो, व्यापारी वेळ मोजतो आणि मालक फोन करतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. पण धुक्यातल्या रात्री चालकाजवळ कायदा नसतो. फोनवर बोलणारा माणूस असतो. तो कधी मालक असतो, तर कधी आपणच असतो.

पुष्कळ केबिनमध्ये संत ख्रिस्तोफरचे चित्र असते. त्याचा सण २५ जुलैस येतो. बाळ येशूला खांद्यावर घेऊन तो नदी उतरू लागला तेव्हा ओझे पावलागणिक वाढत गेले, अशी कथा आहे. तो धावला नाही. काठीवर भार देत, एकेक पाऊल रोवीत पैलतीरास गेला. ते चित्र लावणाऱ्याने त्याची चालही घ्यावी.

नाताळ नेमका धुक्याच्या दिवसांत येतो. मध्यरात्रीच्या मिस्सेस घरचे सारे एकत्र असावे असे कोणास वाटणार नाही? परंतु त्या रात्री फोन आला की, "धुके फार आहे, आई, उशीर होईल," तर आईने एवढेच म्हणावे, "थांब बाळा, उजाडल्यावर निघ. तुझे जेवण झाकून ठेवते."