एका एकराचं पिल्लू

२०२४ च्या दिवाळीनंतर बोरिवलीला लेकाकडं गेलो. दार उघडल्याबरोबर एक पिवळसर पिल्लू पायाला झटलं. लॅब्रॅडॉर जातीचं. नातीनं नाव ठेवलेलं कोको. "केवढ्याला रे?" म्हणलं. लेक खाली बघत म्हणाला, "बावीस हजार, आबा."

मी मनातच हिशेब मांडला. त्या साली सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये, पण माझा माल औशात चार हजारानं गेला होता. म्हणजे साडेपाच क्विंटल. आमच्या माळाचं एक एकर झालं की हे! आणि पंधरा दिवसांमागंच विहिरीवरची मोटार जळाली म्हणून मी त्याला नऊ हजार मागितले होते. नवी सतराची, आठ माझ्याकडं होते. "या महिन्यात ओढाताण आहे, आबा," म्हणाला होता. ते दोघांनाही आठवत होतं. बोललं कुणीच नाही.

आमच्याकडं कुत्र्याला किंमत नव्हती असं नाही. लातूरकडचं करवानी कुत्रं नावाजलेलं. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, सशामागं सुटलं की नुसती धूळ दिसायची. माझ्या वडिलांनी तसलं पिल्लू दोन पायल्या जोंधळ्यावर आणलं होतं. पुढं खर्च म्हणजे उरलीसुरली भाकरी नि ताक. इथं पिशवीतलं खाणंच महिन्याला तीन हजारांचं. वर लशी, जंताचं औषध, महापालिकेचा परवाना, गावाला जायचं तर कुत्रं सांभाळणाऱ्याचे दिवसाला सातशे. सूनबाई वहीत लिहून ठेवायची. वही बघून मला सावकार आठवला.

आणि एवढं देऊन जातीचा कागद नाहीच. केनेल क्लबच्या नोंदीचा कागद असला तर किंमत आणखी चढते म्हणे. बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. यानं फोनवर फोटो बघून घेतलेलं. पिल्लाची आई कुणी पाहिली नव्हती. विकणाऱ्यानं दोन महिन्यांचं सांगितलं होतं, मला दातांवरून सव्वा महिन्याचं वाटलं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, असा केंद्र सरकारचा २०१७ चा नियम आहे, हे पुढं डॉक्टरांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी पिल्लानं उलट्या सुरू केल्या. मग रक्ताची हगवण. तो वास मला ओळखीचा होता. १९८६ च्या सुमारास आमच्या कुत्रीची पाच पिल्लं अशीच दोन दिवसांत गेली होती. नजर लागली म्हणून आईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. मी ओढ्याकाठी खड्डा घेऊन पाची पुरली. त्याला पार्व्हो म्हणतात, त्यावर लस असते, हे मला साठीनंतर बोरिवलीत कळलं. रोग झाल्यावर मात्र नेमकं औषध नाही. सलाईन लावत राहायचं, जीव तगला तर तगला.

रात्री अकराला दवाखान्यात आठ हजार आधी भरा म्हणाले. लेकानं कार्ड दिलं, चाललं नाही. दुसरं दिलं, तेही नाही. नात माझ्याकडं बघायला लागली. लेकानं उरलेले दिले तर इथनंच मोटार न्यावी, या आशेनं आणलेले आठ हजार बंडीच्या आतल्या खिशात होते. काढले, मोजून ठेवले.

"आबा, नका."

"गप. लेकरू बघतंय."

मग बाकावर बसल्या बसल्या तो बोलला. घराचा हप्ता, शाळेची फी. आम्ही दोघं कामाला, पोरगी घरात एकटी, म्हणून पिल्लू आणलं. तेसुद्धा कार्डाच्या हप्त्यावर. म्हणजे ओढाताण आहे म्हणाला होता ते खोटं नव्हतं. मला मात्र पंधरा दिवस ते खोटंच वाटत होतं.

पाच दिवसांनी पिल्लू उठून वाटीभर पाणी प्यालं. एकूण बिल एकोणीस हजार. मोटार त्या रब्बीत आलीच नाही. शेजाऱ्याच्या मोटारीवर हरभऱ्याला एक पाणी मिळालं, तेवढ्यावर काढला.

आता नात फोनवर कोको दाखवती. अठ्ठावीस किलोचा झालाय.

"खातोय किती?" मी विचारतो.

"आजोबा, ते नका विचारू," म्हणती.