कसं शोधलंत, तेही सांगा

तुमच्या घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल, तर त्यांना त्यांच्या ग्रंथालयाची वेबसाइट एकदा नीट बघायला सांगा. मूल परदेशात शिकत असेल तर नक्कीच. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची ग्रंथालयं पदवीच्या मुलांना संशोधनासाठी बक्षीस देतात, आणि मुलांना त्याचा पत्ताच नसतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असं बक्षीस २००३ पासून आहे. आमची लेक अशाच एका विद्यापीठात (बर्कली नव्हे) दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा तिनेही अर्ज केला. अर्ज तिचा, पण त्यात घरातल्या सगळ्यांचं काही ना काही खर्ची पडलं. वेळ, झोप, आणि दोन दिवस बाप-लेकीतलं बोलणंही.

या बक्षिसाची गंमत सांगते. नुसता निबंध चांगला असून चालत नाही. निबंध, संदर्भसूची आणि प्राध्यापकांचं पत्र तर हवंच, पण सोबत एक टिपणही द्यायचं असतं. हे सगळं शोधलंत कसं? कुठे अडलात? कुणाची मदत घेतलीत? काय वाचून बाजूला ठेवलंत, आणि का? तिच्या विद्यापीठात या टिपणाला साडेसातशे शब्दांची मर्यादा होती. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धा असते. तिथेही पदवीच्या मुलांचा गट असतो, मुलं पोस्टर लावतात, परीक्षकांसमोर उभी राहतात. चांगलीच स्पर्धा आहे ती. पण तिथे बघणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, काय सापडलं? ग्रंथालयाचा प्रश्न वेगळा आहे, आणि मला विचाराल तर जास्त अवघड.

तिचा विषय होता बेंगळुरूचा. आम्ही इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो. १९७८ मध्ये केओनिक्सने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन गावांच्या ३३२ एकरांवर ही वसाहत उभी केली. आता काचेच्या इमारती इतक्या झाल्यात की गावं शोधावी लागतात. पण नावं चिवट असतात. मेट्रो स्टेशनच्या पाटीवर इन्फोसिस फाउंडेशनच्या पुढे कोनप्पन अग्रहार अजून आहेच. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेलं गाव. इथे जन्मलेल्या आणि घरात मराठी बोलणाऱ्या मुलीला आपण इथले की तिथले, हा प्रश्न पडतोच. तिला तो इतिहासाच्या वर्गात पडला.

शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने हे शहर केंपेगौडाच्या वंशजांकडून घेतलं आणि ते शहाजीराजांकडे आलं. त्यांच्यानंतर ते एकोजींकडे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाकडे गेलं. आणि मग ते गेलं कसं? इंटरनेटवर विचारा, उत्तर तयार आहे: एकोजींनी तीन लाख रुपयांना बेंगळुरू म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना विकलं. कुठे लिहिलंय की सौदा ठरला, पण पैसे हातात पडायच्या आत, १६८७ मध्ये, मोगलांचा सरदार कासिमखान शहरात शिरला. मग मोगलांनीच ते म्हैसूरला त्याच किमतीला दिलं. म्हणजे विकलं कुणी? पैसे कुणाला मिळाले? एवढाच तिचा प्रश्न.

तिच्याकडे आठ संदर्भ होते. लेख, ब्लॉग, दोन पुस्तकं, एक जुनं गॅझेटियर. आठही जण तीन लाख म्हणत होते. प्राध्यापकांनी समासात एकच ओळ लिहिली होती, हे आठ साक्षीदार आहेत की एक? डिसेंबरच्या सुट्टीत ती घरी आली ती हा प्रश्न घेऊनच.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. नवी यलो लाइन नसती तर मी सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकला घाबरून घरीच बसले असते. आरव्ही रोडला गाडी बदलायची, मॅजेस्टिकला पुन्हा बदलायची, आणि नृपतुंग रोडवरच्या मिथिक सोसायटीत जायचं. ही संस्था १९०९ सालची. बेंगळुरूत राहून तुम्ही ती पाहिली नसेल तर एकदा जाऊन या. दुसरं ठिकाण कब्बन पार्कमधलं लाल इमारतीतलं सरकारी ग्रंथालय. मी पिशवीत डबा आणि स्वेटर घेऊन बसायचे, ती पानं उलटायची. तळटीप सापडली की तिच्यामागे जायचं, तिथे दुसरी तळटीप, मग तिच्यामागे. एका दुपारी ती हळूच म्हणाली, "आई, हे सगळे एकाच माणसाच्या घरी जेवून आलेत."

तो माणूस मार्क विल्क्स. म्हैसूरला इंग्रजांचा रेसिडेंट होता. पुढे नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर आणलं, तेव्हा तिथला गव्हर्नरही हाच. दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासाचा त्याचा पहिला खंड १८१० मध्ये छापून आला. तीन लाखांचा सौदा, मोगलांचं मध्ये घुसणं, सगळं तिथे आहे. तिच्या आठपैकी ज्यांनी ज्यांनी आधार दिला होता, त्यांची वाट शेवटी विल्क्सपाशी येऊन थांबत होती. बाकीच्यांनी आधारच दिला नव्हता. आणि विल्क्स लिहितोय घटनेनंतर १२३ वर्षांनी. त्याने कुठल्या कागदावरून लिहिलं, हा पुढचा प्रश्न, आणि तो तिच्या सुट्टीत मावणारा नव्हता.

नावांचा घोळ वेगळाच. एकोजी, वेंकोजी, व्यंकोजी. जुन्या इंग्रजी पुस्तकांत वेंकाजी. एका नावाने शोधलं की बाकीची पुस्तकं लपून बसतात. तिने वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं होतं, कुठल्या दिवशी कुठलं नाव टाकलं, काय मिळालं, काय नाही. ही सवय तिला त्यांच्या ग्रंथपाल बाईंनी पहिल्याच सत्रात लावली. तुमच्या मुलांना दुसरं काही नाही तरी एवढं सांगाच. शोधताना लिहिलं नाही, तर तीन महिन्यांनी काहीही आठवत नाही.

मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळातही जाऊन आलो. तिथे १६६९ चा शिलालेख आहे. एकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याचा. विक्रीचा त्यात काही संबंध नाही, तिच्या प्रश्नाला त्याचा उपयोगही नाही. पण आमच्या समोरच्या घरातल्या अज्जी हट्टाने बरोबर आल्या. त्या निवृत्त कन्नड शिक्षिका. दगडावर काय लिहिलंय ते त्यांनी जमेल तसं वाचून दाखवलं, आणि राइस साहेबाने १९०५ च्या 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या नवव्या खंडात बेंगळुरू जिल्ह्याचे शिलालेख छापले आहेत, तेही त्यांनीच सांगितलं.

मार्चमध्ये अर्ज भरायची वेळ आली, आणि तिने फोनवर जाहीर केलं, "मी नाही भरत. मला उत्तरच मिळालं नाही. आठ संदर्भांचा एक झाला, एवढंच." तिचे बाबा म्हणाले, "अगं, टिपणच तर लिहायचंय. ते एआय दोन मिनिटांत देईल." बक्षिसाची रक्कम तिच्या एका सत्राच्या पुस्तकांइतकी होती, आणि डॉलरचा भाव बघता बाबांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. तिने करून पाहिलं. मलाही पाठवलं. वाचायला इतकं गुळगुळीत की डोळा कुठे अडकेना. ग्रंथालय हे ज्ञानाचं भांडार, संशोधनाने दृष्टी विस्तारली, चिकाटीचं महत्त्व कळलं. कुठलं ग्रंथालय? कुणाची चिकाटी? त्यात विल्क्स नव्हता, चार स्पेलिंगं नव्हती, अज्जी तर नव्हत्याच. मी तेवढंच लिहून पाठवलं, "यात अज्जी कुठे आहेत?" त्यावर बाबा आणि ती, दोघंही रुसले. वेगवेगळ्या कारणांनी.

दोन दिवसांनी तिने नवं टिपण पाठवलं. पहिलंच वाक्य होतं, माझ्या आठ संदर्भांपैकी सात मी खोडले, आणि माझा निबंध त्यामुळे लहान झाला. पुढे सगळं सरळ सांगितलेलं. मला मोडी येत नाही, फारसी येत नाही, म्हणून विल्क्सच्या पलीकडे मी जाऊ शकले नाही; पुढे जायचं तर कुठल्या भाषा शिकाव्या लागतील. उपयोगी न पडलेल्या शिलालेखाला तिने पाच ओळी दिल्या होत्या. अज्जींचं नाव आभारात नव्हतं. ते थेट टिपणाच्या मधोमध होतं, त्यांनी जे केलं त्याच्यासकट. बाबांनी वाचलं आणि दोन व्याकरणाच्या चुका काढल्या. आमच्या घरात याला पसंती म्हणतात.

अज्जींना मी ते मोबाइलवर वाचून दाखवलं, इंग्रजीतून कन्नड करत, माझ्या तोडक्यामोडक्या कन्नडात. त्यांनी एक शब्द दुरुस्त केला आणि मग चष्मा पुसत बसल्या.

निकाल अजून लागायचाय. दरम्यान लेकीचा काल मेसेज आला. संदर्भसूचीत गॅझेटियरचा एक पान क्रमांक तिने वहीत घाईने लिहिलाय, तो ७ आहे की १ ते कळत नाही. प्राध्यापक म्हणतात, अर्ज गेला तरी नोंद बरोबर असायला हवी. गुरुवारी मी आणि अज्जी मेट्रोने जाणार आहोत. ग्रंथालय किती वाजता उघडतं, ते आधी फोन करून विचारायचंय.