ओल्या रीडचा सूर

नवरात्रात यवतमाळला रात्र उशिरा होते. दत्त चौकातून निघालेली माणसं एकेका देवीचा देखावा पाहत, थांबत, पुन्हा चालत राहतात. अशाच एका मांडवात लहानपणी बाबांसोबत ऑर्केस्ट्रा ऐकायला बसलो होतो. सगळ्यांचे डोळे गायिकेकडे, माझे मात्र स्टेजच्या कोपऱ्यातल्या एका माणसाकडे. त्याने खिशातून एक लहानशी पट्टी काढली, ओठांत धरली आणि कितीतरी वेळ भिजवत राहिला. ती रीड. बोरूसारख्या पोकळ काडीची चिरून घासलेली पट्टी, टोकाशी इतकी पातळ की पलीकडचा उजेड तिच्यातून झिरपावा. ती माऊथपीसवर बसवून त्याने बारीक स्क्रू आवळले, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. सॅक्सोफोनचा पहिला सूर निघाला तो कोणाच्या तरी गळ्यातून आल्यासारखा. आता हा सूर की-बोर्डच्या बटणातून निघतो. त्याआधीचा श्वास तेवढा ऐकू येत नाही.

“हे तं आपल्या रेडिओतलंच वाजून राह्यलं,” बाबा कानाशी म्हणाले.

खरंच होतं ते. बाबा जिनिंगमधून परतत तेव्हा त्यांच्या केसांत रुईचे तंतू असत. जेवण झालं की खाट आणि उशाशी रेडिओ. विविध भारतीवर ‘छायागीत’ लागायचं, मग ‘बेला के फूल’. दोन कडव्यांमधल्या रिकाम्या जागेत तो सूर राहायचा, वाजवणाऱ्याच्या नावाशिवाय. ‘काश्मीर की कली’त (१९६४) शम्मी कपूरच्या झिंगलेल्या, उदास गाण्याभोवती घुटमळणारा सॅक्सोफोन मनोहारी सिंगांचा, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी, १९५१ च्या ‘अलबेला’त, गोव्यातल्या अल्दोन्याचा वादक चिक चॉकलेट ट्रंपेट घेऊन पडद्यावरच आला होता. त्याला तिथे आणणारे संगीतकार सी. रामचंद्र जन्माने पुणतांब्याचे, लहानपणी गाणं शिकले ते आमच्या नागपुरात.

मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे कितीतरी गोवेकर वादक दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसत. तिथे मनाला येईल तसं भटकायला जागा नव्हती. समोर कागदावर लिहिलेले आठ-दहा मात्रांचे तुकडे. तेवढ्यात सगळं जीव ओतून सांगायचं, आणि गायिकेच्या हाती गाणं परत द्यायचं. मला वाटतं, जॅझची धार आपल्याकडे अशी मऊ झाली, आणि मऊ झाली म्हणूनच ती कपाशीच्या गावातल्या खाटेपर्यंत पोचली.

अमेरिकेत हे वळण निराळ्या वाटेने आलं. १४ फेब्रुवारी १९८७ ला लॉस एंजेलिसचं एक रेडिओ केंद्र ‘द वेव्ह’ या नावाने असंच निवांत संगीत वाजवू लागलं. पुढे या प्रकाराला ‘स्मूद जॅझ’ म्हणू लागले, शहरोशहरी केंद्रं झाली. सॅक्सोफोनवादक केनी जीच्या १९९२ च्या ‘ब्रेथलेस’ या अल्बमच्या एक कोटीहून अधिक प्रती एकट्या अमेरिकेत खपल्या. चीनमध्ये तर त्याची ‘गोइंग होम’ ही धून दुकानं बंद करायच्या वेळी लावतात. २००८ मध्ये न्यूयॉर्कचं गाजलेलं स्मूद जॅझ केंद्र रॉककडे वळलं आणि ती लाट ओसरत गेली. जॅझच्या जाणकारांनी तिला कधी जवळ केलं नाही. पॅट मेथेनीसारखा मोठा गिटारवादक तर केनी जीवर जाहीरपणे तुटून पडला, कारण त्याने लुई आर्मस्ट्राँगच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर आपला सॅक्सोफोन चढवला होता. तो राग मला पटतो. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही. पण मऊपणावरचा राग मला कधीच पटला नाही.

पुण्याहून मी केनी जीची कॅसेट आणली तेव्हा बाबा निवृत्त झाले होते. ओसरीत टेप लावला. बाबा सुपारी कातरत होते, अडकित्ता थांबला.

“सनई व्हय का हे?”

सॅक्सोफोनच, पण सनईसारखा सरळ, मी सांगितलं.

“कोन्त्या सिनेमातलं हाय?”

“कोणत्याच नाही, बाबा.”

“मंग गाणारी कधी येते?”

येतच नाही, म्हणालो. त्यांनी मान हलवली. अंगणातल्या निंबावर अंधार उतरत होता. ज्या सुराला जन्मभर दोन कडव्यांच्या मधे उभं राहावं लागलं, तो आज एकटाच बोलत होता, आणि त्याला कोणी थांबवत नव्हतं. टेप खट्‌कन थांबला. मी उठणार तोच बाबांनी अडकित्ता खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि कॅसेट स्वतः उलटी करून लावली.