नैरोबीचे गोवेकर, त्यांची हॉकी आणि क्लबाचं दार

प्रिय मित्रा,



दिवाळी अंकासाठी लिहिलेला तुझा खर्डा वाचला. नैरोबीतल्या गोवेकर क्लबांच्या हॉकीवर मराठीत कुणीतरी इतक्या आस्थेने लिहितंय, याचंच आधी समाधान वाटलं. पण एका प्रश्नाला तू बगल दिली आहेस आणि तो सोडून हा इतिहास पुरा होणार नाही. तुझ्या मते काही हजारांच्या या वस्तीने केवळ क्लबांच्या बळावर ऑलिंपिकपटू घडवले आणि पुढे राजकारणाने त्या खेळाची वाट लावली. पहिलं विधान निखालस खरं आहे. दुसरं अर्धंच खरं आहे. माझ्या मते हे क्लब ज्या बंदिस्तपणामुळे खेळात इतके कसदार झाले, त्याच बंदिस्तपणामुळे त्यांच्या पश्चात स्टिक हातात घेणारं कुणी राहिलं नाही. गुण आणि दोष इथे एकाच मुळातून आले आहेत, म्हणून एकाचं कौतुक करताना दुसऱ्याला पडद्याआड ठेवता येत नाही.

आधी कसाबद्दल. युगांडा रेल्वेचं काम 1896 मध्ये मोंबासाहून सुरू झालं आणि 1899 मध्ये रूळ नैरोबीला पोचले. मजूर बहुतेक पंजाबातले होते. कारकून, शिंपी, आचारी, बेकरीवाले यांत गोवेकर मोठ्या संख्येने होते. यातले कितीतरी जण मुंबईमार्गे गेले. तिथल्या धोबीतलावच्या कुडींमध्ये, म्हणजे सामाईक बिऱ्हाडांमध्ये, गावागावाने एकत्र राहायची, वर्गणी काढून एकमेकांना सांभाळायची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. नैरोबीत 1905 मध्ये गोवन इन्स्टिट्यूट निघाली ती याच रीतीतून. पुढे गोवन जिमखाना आला, रेल्वेतल्या नोकरदारांची रेल्वे गोवन इन्स्टिट्यूट आली. डॉ. रोझेंडो रिबेरो यांच्या देणगीतून समाजाची शाळा उभी राहिली आणि तिने केनियाच्या संघाला एकामागून एक खेळाडू दिले. ही साखळी नीट पाहायला हवी. शाळेत मुलगा हॉकी शिकतो, संध्याकाळी क्लबच्या मैदानावर थोरल्यांबरोबर उतरतो, रविवारी चर्चमध्ये तीच माणसं भेटतात, नोकरी लागते तीही त्यांच्यातल्याच कुणाच्या ओळखीने. अशा समाजात चांगला खेळाडू नजरेतून सुटतच नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराचा हात चांगला आहे, ही बातमी आठवड्याभरात निवड समितीपर्यंत पोचलेली असते.

मैदानाविषयी तू एकच ओळ लिहिली आहेस, ती वाढव. तिथली बरीच हॉकी मुरमाच्या मैदानावर खेळली गेली. जांभ्याच्या जातीचाच तो तांबडा मुरूम. गोव्याच्या माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. पाणी मारून रूळ फिरवला की पृष्ठभाग टणक आणि सपाट होतो. गवतावर चेंडू कुठे अडतो, कुठे उसळतो; तयार मुरमावर तो सरळ आणि वेगाने येतो. तो एका ठोक्यात अडवायला मनगट सैल आणि नजर पक्की लागते, आणि चेंडूचा भरवसा असल्यामुळे छोट्या छोट्या पासांचा खेळ जमतो. असं मैदान कायम तयार ठेवायचं तर दर आठवड्याला कुणालातरी राबावं लागतं. ते राबणं क्लबने केलं, सरकारने नव्हे.

या खेळाची भूक केवढी होती ते 1947-48 च्या दौऱ्यावरून दिसतं. पूर्व आफ्रिकेतल्या आशियाई क्रीडा संघटनेने भारतीय संघाला बोलावलं, तेही ध्यानचंद येणार असतील तरच, अशा अटीवर. वयाच्या 42 व्या वर्षी ते आले आणि 22 सामन्यांत त्यांनी 61 गोल केले. त्यानंतर दशकाच्या आत, 1956 मध्ये, केनिया मेलबर्न ऑलिंपिकला होता. 1960 मध्ये रोमला सातवा, 1964 मध्ये टोकियोला सहावा, 1968 मध्ये मेक्सिकोला आठवा. अलू मेंडोन्सा, हिलरी फर्नांडिस ही गोवेकर नावं आणि अवतारसिंग सोहल यांच्यासारखे शीख खेळाडू, मुख्यतः या दोन समाजांवर तो संघ उभा होता. त्या वर्षांच्या संघांत आफ्रिकन नाव शोधावं लागतं. देश आफ्रिकेतला, संघ राष्ट्राचा, आणि तरी ही स्थिती. तुझ्या खर्ड्यात या गोष्टीवर एकही वाक्य नाही.

तू म्हणशील, भिंती वसाहतीच्या सरकारने बांधल्या. गोऱ्यांच्या क्लबात आशियाई माणसाला प्रवेश नव्हता, शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या, वस्त्याही वेगळ्या. मग गोवेकरांनी आपल्यापुरता क्लब काढला तर त्यात त्यांचं काय चुकलं? हा आक्षेप वजनदार आहे आणि 1905 पुरता मी तो मान्य करतो. पण गोऱ्यांनी घातलेली भिंत समाज आणि राज्यकर्ते यांच्यामधली होती. गोवेकरांच्या आतल्या भिंती तर त्यांच्याच होत्या. शिंप्यांना आपली वेगळी गोवन टेलर्स सोसायटी काढावी लागली. कारकुनाच्या क्लबात शिंप्याला आणि आचाऱ्याला जागा नव्हती आणि या उतरंडीत गोव्याहून नेलेल्या जातीचाही हात होता. ज्याने त्या कारकुनाचा सूट शिवला त्याच्या मुलाने कुठे खेळायचं, हे इंग्रजाने ठरवलं नव्हतं. शिवाय दुसरी वाट दिसतच नव्हती असंही नाही. त्याच समाजातले पियो गामा पिंटो आफ्रिकन स्वातंत्र्यलढ्यात उतरले, त्यासाठी त्यांनी 1954 पासून काही वर्षं स्थानबद्धता सोसली आणि 1965 मध्ये गोळ्या झेलून गेले. एवढं धैर्य सगळ्यांकडून मागणं अन्यायाचं होईल. पण सभासदत्वाच्या नियमातली एक ओळ बदलायला एवढं धैर्य लागत नव्हतं.

दुसरा आक्षेप स्थलांतराचा. 1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला. 1967 च्या कायद्यांनी नागरिकत्व न घेतलेल्यांच्या नोकऱ्या आणि व्यापार परवान्यांवर गदा आली, आणि ब्रिटनने 1968 च्या मार्चमध्ये त्यांच्यासाठी प्रवेशाचं दार लोटून घेण्याआधी हजारो कुटुंबं घाईने निघाली. 1962 मध्ये केनियात सुमारे 1,77,000 आशियाई होते, 1979 मध्ये 78,000 च्या आसपास. माणसंच गेली तर क्लब काय करणार, असं तू विचारशील. माझा मुद्दा नेमका इथेच आहे. माणसं जातात तेव्हा मैदान, रूळ, वर्गणीची वही, खेळाचं ज्ञान हे सगळं मागे राहतं. ते घ्यायला शेजारची मुलं तयार असतील तर खेळ चालू राहतो. त्या मुलांनी तोवर मैदानात पाऊलच ठेवलं नसेल तर वारस एका रात्रीत कुठून आणायचा? कायद्यांनी घाव घातला हे खरं. पण एका घावात झाड पडलं, कारण त्याला मूळ एकच होतं.

1971 च्या बार्सिलोनातल्या पहिल्या विश्वचषकात केनिया चौथा आला, कांस्यपदकाच्या सामन्यात भारताकडून 2-1 असा हरला. मग ऱ्हास कुठे होता, असंही कुणी म्हणेल. तो संघ आधीच्या दशकातल्या शाळांनी आणि क्लबांनी घडवलेला होता. झरा आटल्यावरही भरलेलं तळं काही काळ दिसतंच. पुढच्याच वर्षी म्युनिकला केनिया तेरावा आला. अॅस्ट्रोटर्फला दोष द्यायची आपल्याकडे सवय आहे, पण ते ऑलिंपिकमध्ये आलं 1976 ला, माँट्रियलमध्ये. तिथे केनिया बहिष्कारामुळे गेलाच नाही, 1980 ला मॉस्कोलाही नाही. या दोन बहिष्कारांनी नुकसान केलं, ते मी नाकारत नाही. पण घसरण त्याआधीची आहे. 1988 च्या सोलनंतर केनियाचा पुरुष संघ ऑलिंपिकला पोचलेला नाही. आज तिथे हॉकी आहे, ती पोलिसांच्या, साखर कारखान्याच्या, विद्यापीठांच्या संघांत आणि पश्चिम केनियाच्या शाळांतून येणाऱ्या आफ्रिकन मुलांच्या पायांवर. अशी मुलं 1955 मध्येही तिथे होतीच.

उरला शेवटचा आक्षेप, आणि मला तोच सर्वांत कठीण वाटतो: सगळ्यांना दार उघडलं असतं तर तो जिव्हाळा राहिला असता का, आणि जिव्हाळ्याशिवाय ती हॉकी झाली असती का? कदाचित पहिली वीस वर्षं नसती झाली. नव्या मुलखात आलेल्या माणसाला आपल्या बोलीचं, आपल्या जेवणाचं एक ठिकाण लागतं आणि ते मागण्यात गैर काही नाही. पण कोकणी गाणी आणि नाताळचा नाच हा क्लबचा खासगी भाग आणि मैदान हा सार्वजनिक, अशी विभागणी करता आली असती. मैदानाला आडनाव लागत नाही.

म्हणून खर्डा पाठवण्याआधी दोन गोष्टी कर. विजेत्यांच्या यादीच्या आधी त्या क्लबांचे सभासदत्वाचे नियम मिळवून त्यातली कलमं जशीच्या तशी छाप. आणि टेलर्स सोसायटीकडून खेळलेल्यांची नावं शोध. त्यांच्या मुलाबाळांपैकी काही जण लंडनला, टोरांटोला, काही गोव्यात बार्देशात आहेत आणि विचारलं तर सांगतील. यासाठी अंक हुकला तरी चालेल, लेख पुढच्या वर्षी दे.

तुझा स्नेही