जाळीआडचा आवाज

सोयाबीन निघतं, हरभरा पेरून होतो आणि आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या चहूअंगांनी सप्त्यांचे दिवस सुरू होतात. आज या गावाला, पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावाला. पहाटे काकडा, दिवेलागणीला हरिपाठ, रात्री कीर्तन. वर्षभर देवळाच्या कपाटात सतरंज्यांखाली दबलेले माईक याच दिवसांत बाहेर निघतात, आणि त्यांतले कितीतरी बोलत नाहीत. मग ते फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून माझ्याकडे येतात. आणणारा विणेकरी असतो, कधी पुजाऱ्याचा पोरगा. "राम कृष्ण हरी भाऊ, ह्याचा आवाज बसलाय बघा. परवा नारळ फुटायचाय."

जुने डायनॅमिक माईक नीट करायचा मला नाद आहे. धंदा म्हणता येणार नाही. खिडकीपाशी उजेडाला बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि एवढ्याशा यंत्रात गेलेला आवाज कुठे अडकला ते शोधत राहायचं, यात माझी दुपार कशी जाते ते कळत नाही.

येतात ते बहुतेक अहुजाचे. दिल्लीची ही कंपनी १९४० सालची. आपल्याकडच्या देवळांनी, शाळांनी, ग्रामपंचायतींनी पिढ्यान् पिढ्या तिचाच माईक हातात धरला. क्वचित एखादा शुअर येतो, कुणाच्या ऑर्केस्ट्रातून उरलेला. एक नाव मात्र माझ्या हाती कधी यावं अशी फार इच्छा आहे, ते म्हणजे शिकागो. गांधीजींच्या, नेहरूंच्या सभांचे जुने फोटो पाहा. माईकवर पाटी दिसते, 'शिकागो'. नाव परदेशी, पण कंपनी आपल्या मुंबईची, मोटवानी कुटुंबाची. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या सभांना नानिक मोटवानींनी लाऊडस्पीकर पुरवले. लाखाच्या गर्दीतल्या शेवटच्या माणसाला गांधीजींचा मुळातला हळू आवाज ऐकू गेला, त्यात या माणसाचा वाटा आहे आणि तो आपण विसरलो आहोत.

माईक हातात आला की आधी जाळी फिरवून काढायची. आतला स्पंज बोटाला लागताच काळ्या भुकटीसारखा झडतो. त्याला बुक्क्याचा, उदबत्तीचा, तंबाखूचा आणि वर्षानुवर्षांच्या श्वासांचा मिळून एक वास असतो. तो वास मला कधी घाण वाटला नाही. किती जणांनी या जाळीला ओठ लावून देवाचं नाव घेतलं असेल! स्पंज टाकून नवा बसवायचा, जाळी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायची, पोचे आतून लाकडी दांड्याने हळूहळू बाहेर काढायचे. हे सोपं काम. खरं काम पुढे, कॅप्सूलशी.

कॅप्सूलमध्ये वर पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. पडद्याच्या पोटाशी तांब्याच्या तारेची इवलीशी कॉइल चिकटवलेली, आणि ती चुंबकाच्या गोल फटीत अधांतरी तरंगत असते. आवाजाने पडदा हलला की कॉइल हलते, कॉइल हलली की तिच्यात वीज उमटते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व तेवढंच. त्याच्यावर उभा राहिलेला व्यवहारात चालणारा माईक अमेरिकेत वेंट आणि थुरास या दोघांनी १९३१ साली आणला, बरोबर शंभर वर्षांनी. त्याला बॅटरी लागत नाही, बाहेरून वीज लागत नाही. माणूस बोलतो तीच त्याची ऊर्जा. उमटते ती वीज एक-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढी. ॲम्प्लिफायरचं मशीन तीच वाढवून भोंग्यांना देतं, नि नदीपलीकडच्या आखाड्यावर गुरं बांधणाऱ्यालाही अभंग ऐकू जातो.

माईक मेला की जिवंत, हे कळायची खूण मला फार आवडते. मल्टीमीटर ओहमवर लावायचा आणि त्याच्या दोन सुया कॅप्सूलच्या दोन टोकांना टेकवायच्या. कॉइल शाबूत असेल तर पडद्यातून बारीक 'कट्' असा आवाज येतो. माईक म्हणजे उलटा चालणारा स्पीकरच. मीटरमधल्या चिमूटभर विजेने त्याचा पडदा हलतो. दरवर्षी हा आवाज ऐकतो, तरी दरवेळी मन हलकं होतं.

'कट्' आला नाही तर तार तुटलेली. ती बहुधा कॉइलमध्ये तुटत नाही, कॉइलमधून बाहेर येते त्या वळणावर तुटते. तार दिसेल न दिसेल इतकी बारीक. तिच्यावरचा रोगण खरवडायचा, राळेत बुडवायची आणि कथलाचा डाग असा द्यायचा की पडद्याला धग लागू नये. इथे श्वास आपोआप रोखला जातो. चिमटा पितळीच हवा. लोखंडी असला तर चुंबक तो ओढून घेतं आणि पडद्याला भोक पडतं. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कीस शिरलेला असतो, त्यावर कॉइल घासते, तेव्हा बोलणाऱ्याच्या मागे एक घरघर ऐकू येते. तो कीस चिकटपट्टीच्या टोकाने कणाकणाने टिपून काढावा लागतो. फुंकून निघत नाही, आणखी आत जातो.

काही माईक मोडलेले नसतातच, तरी लोक त्यांना दोष देतात. भजनी मंडळी रंगात आली की जाळी अख्खी मुठीत धरतात आणि माईक शिट्टी मारतो. त्याचं कारण जाळीच्या खालच्या अंगाला आहे. पडद्याच्या पाठीशी बारीक वाटा ठेवलेल्या असतात. मागून येणारा आवाज त्यांतून शिरून स्वतःलाच खोडतो, म्हणून माईक समोरचं ऐकतो आणि भोंग्याकडचं टाळतो. एकाच पडद्यावर हे साधायची युक्ती शुअर कंपनीतल्या बेन बाउअर या तरुण अभियंत्याची, १९३९ सालची. मूठ आवळली की त्या वाटा बंद, मग माईक चारी दिशांचं ऐकू लागतो. कुणी धूळ जाऊ नये म्हणून तिथे फडकं कोंबतात, तेही वाईट. आणखी एक गमतीची खोड: शेजारी शेजारी दोन माईक, दोन्ही चांगले, पण एकाच्या तारा कुणीतरी उलट्या जोडलेल्या. मग दोघं मिळून एकमेकांचा आवाज खातात. विणेकऱ्याला वाटतं आपला गळा गेला. गळा ठणठणीत असतो, दोन तारांची अदलाबदल करायची असते.

आमच्या जिल्ह्यात आवाजाला मोठा मान आहे. कयाधूकाठचं नरसी हे परंपरेने नामदेवांचं जन्मगाव. औंढ्याला नागनाथाच्या देवळात नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे वळलं, अशी आख्यायिका घरोघर सांगतात. नंदी देवळामागे कसा, याचं उत्तर म्हणून. नामदेवांची पदं पुढे पंजाबात गेली, त्यांतली ६१ गुरू ग्रंथसाहिबात आहेत. हे सगळं माईकाशिवाय झालं, हे मी जाणतो. पण त्या काळी मंडपात पुढे येई तो खड्या आवाजाचाच. बारीक आवाजाच्या म्हातारीला गोड चाल येत असली तरी ती तिच्या जात्यापाशीच राहिली. माईक आला आणि तिचा आवाज मंडपाच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचला. हे यंत्र मला सगळ्यात मोठं वाटतं ते एवढ्यासाठीच. म्हणून माईक झाला की मी 'हॅलो, चेक' म्हणत नाही. आईच्या हातात देतो आणि तिला हरिपाठ म्हणायला सांगतो. तिचा थकलेला, कापरा स्वर कापरेपणासकट नीट ऐकू आला, की माझं काम झालं. छाती दणाणून सोडणारा आवाज आताच्या डीजेकडे भरपूर आहे. त्यात शब्द ऐकू येत नाहीत.

जुन्या माईकात नवी स्वस्त कॅप्सूल घालून द्या, असं कुणी म्हणतं. मी शक्यतो टाळतो. नवी कॅप्सूल बसते, बोलते, पण तिचा आवाज कर्कश असतो आणि जुन्या पडद्याचा भरीवपणा तिला येत नाही. दांड्यावर कोरलेली अक्षरंही मी घासत नाही. कुणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून माईक देवाला दिलेला असतो. चकचकीत करण्याच्या नादात ते नाव पुसलं तर दुरुस्ती कसली? मूळचा रंग उडालेला राहू द्यावा, पोचा एखादा राहू द्यावा. आवाज तेवढा मूळचा परत यावा.

तुमच्या गावच्या देवळात, शाळेच्या खोलीत, कुणाच्या माळ्यावर असा जड, थंडगार, मुका माईक पडलेला असेल, तर तो भंगारवाल्याच्या काट्यावर घालू नका. आधी त्याची वायर बदलून पाहा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक माईकांची कॅप्सूल शाबूत असते. तुटलेली असते ती पिनेजवळची वायर.