वाळवण

उजव्या हाताला कंप सुटला तेव्हापासून अल्कली सोडायचं काम माझ्याकडून गेलं. आता माझी एक विद्यार्थिनी सिरिंज पंप लावते, पीएच मीटरवर डोळा ठेवते आणि फेरिक क्लोराइडच्या पिवळ्या द्रावणातून दर खेपेला तोच तपकिरी लगदा काढते. तिच्या बॅचेस माझ्यापेक्षा एकसारख्या येतात. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

माझ्याकडे उरलं वाळवणं. आणि घोडं आयुष्यभर तिथेच अडलेलं आहे.

हा फेरिहायड्राइटचा ओला लगदा म्हणजे कुरडयांचा चीक. बोटांतून निसटणारा, चकचकीत, आणि वाळवताना चुकलात की सगळी मेहनत पाण्यात. त्यातला एकेक कण दोन-तीन नॅनोमीटरचा. पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक धरायला लागणारा पृष्ठभाग ओला असताना पुरेपूर मोकळा असतो. पण लगदा गाळणीच्या कॉलममध्ये भरला तर पाणी जाणार कुठून? म्हणून ओव्हन. 105 अंशांवर रात्रभर ठेवा, सकाळी डिशमध्ये काळपट, धारदार, चमकणारे तुकडे. पाणी जाता जाता कणांना एकमेकांकडे ओढतं, ते चिकटतात, आतल्या वाटा मिटतात. खलात कितीही कुटा, त्या वाटा पुन्हा उघडत नाहीत. फ्रीझ ड्रायरमधला माल हलका, भुसभुशीत, पृष्ठभागही बराच शाबूत. पण कॉलममध्ये एक तर बारीक कण पाण्याबरोबर खाली उतरतात, नाहीतर गच्च बसून धारच बंद करतात. बरं, ओलाच ठेवावा म्हटलं तर पदार्थ मुळात अस्थिर. नागपूरच्या उन्हाळ्यात बाटलीतल्या बाटलीत गोएथाइट-हेमटाइट या स्फटिकरूपांकडे सरकायला लागतो. गंमत अशी की आर्सेनिकच्या जागा बळकावणारं पाण्यातलं सिलिकेटच हे रूपांतर थोपवून धरतं. कोणाला शिव्या घालायच्या?

जर्मनांनी हा पेच टाळलाच. बर्लिनच्या तंत्र विद्यापीठात घडलेलं दाणेदार फेरिक हायड्रॉक्साइड 1990च्या दशकात बाजारात आलं ते ओलसरच. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटाने कण कायटोसानच्या जाळ्यात अडकवले आणि दाणे साध्या तापमानालाच वाळवले. आर्सेनिक काढण्याचं त्यांचं 'अमृत' तंत्र त्यावर उभं आहे. कायटोसान निघतं कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून. माझं आजोळ कोकणात, सुट्ट्या सोललेल्या कोळंबीच्या ढिगांशेजारी गेलेल्या, आणि हे सुचावं मद्रासला! त्यांचा 2013चा शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तो चुका शोधण्यासाठीच. कौतुक करायला बराच काळ गेला.

बाकी आमच्या क्षेत्रात सध्या आकड्यांचा बाजार आहे. कधी कार्बन नॅनोट्यूब, कधी ग्राफिन. पदार्थ बदलतो, मथळा तोच. लँगम्युरच्या 1918च्या समीकरणातून काढलेली कमाल क्षमता, ग्रॅममागे इतके मिलिग्रॅम. प्रयोग डिस्टिल्ड वॉटरमध्ये, आणि सुरुवातीलाच आर्सेनिक लिटरमागे 100 मिलिग्रॅम. एवढं विष असलेली विहीर मी तरी पाहिलेली नाही. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडात अंबागड चौकीजवळ कौडीकसा आहे. तिथल्यासारख्या पाण्यात हिशेब मायक्रोग्रॅमचा असतो, आणि सिलिकेट-बायकार्बोनेट त्याच जागांसाठी रांगेत उभी असतात. फॉस्फेट असलं तर ते रांगही पाळत नाही. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम. त्याच्या आसपास आपली पावडर काय उचलते, एवढाच प्रश्न. तो आकडा लहान असतो, सभागृहात दिसत नाही. म्हणून मीही पडद्यावर मोठाच दाखवत आलो. टाळ्या त्यालाच पडतात, आणि टाळ्या मला आवडतात.

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या निबंधांत कृतीच्या शेवटी बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: 'नंतर वाळवले.' तरुण मित्रांनो, किती तापमानाला, किती वेळ, थर केवढा जाड, शेवटी ओल किती उरली, एवढं तरी लिहा. आणि 10 मायक्रोग्रॅमपाशी ग्रॅममागे काय हाती लागलं तो आकडा गोषवाऱ्यात घाला. कमाल क्षमता आत कुठल्यातरी कोष्टकात पडून राहिली तरी चालेल.